भोसरीतलं २००४ चं वायरकट सॉफ्टवेअर पुन्हा उभं करताना: कामाच्या नोंदी

ज्यांच्याकडे वायरकटसारखं (वीज सोडलेल्या तारेनं धातू कापणारं) जुनं मशीन, जुनं कॅम सॉफ्टवेअर (ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्रॅम बनवणारं) आणि पॅरलल पोर्टचा (जुन्या प्रिंटर पोर्टचा) डोंगल, म्हणजे जो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही तो डबा, आहे, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते आहे. सॉफ्टवेअर २००४ मध्ये रीतसर विकत घेतलेलं आहे, परवाना कायमस्वरूपी आहे. ते बनवणारी कंपनी पुढे दुसऱ्या कंपनीनं घेतली आणि ही आवृत्ती बंद झाली. नवीन आवृत्ती वर्षाच्या भाड्यानं मिळते, पण ती आमच्या जुन्या फाइली उघडत नाही. वीस वर्षांच्या डाय-पंचांचे प्रोग्रॅम त्या फाइलींमध्ये आहेत आणि गिऱ्हाइकांच्या रिपीट ऑर्डरी त्यांवरच येतात. म्हणून जुनंच चालवायचं ठरलं, आणि तेही परवान्यात राहून.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, दसऱ्याला शॉप बंद. आज चालू करायला गेलो तर वायरकटच्या शेजारचा पीसी उठला नाही. पंखा फिरतो, स्क्रीन काळी. झाकण काढलं तेव्हा प्रोसेसरजवळचे तीन-चार कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले, एकातून तपकिरी चिकट द्रव बाहेर आलेला. त्या काळातल्या बोर्डांना हा रोगच होता. तसाच बोर्ड शोधण्यात अर्थ नाही, मिळाला तरी त्याचेही कपॅसिटर तेवढेच म्हातारे असणार.

आधी हार्ड डिस्क काढून घेतली. ४० जीबीची, चाळीस पिनांची आयडीई डिस्क. डोंगलही काढला. काडेपेटीएवढा डबा, एका तोंडाला पिना, दुसऱ्या तोंडाला भोकं, म्हणजे त्याच्या मागे प्रिंटरही लावता यावा. वायरकटच्या खोलीत डीआय (क्षार काढलेल्या) पाण्यामुळे सतत दमट असतं, त्यामुळे स्क्रू गंजून बसले होते आणि पिना काळवंडल्या होत्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश वापरून साफ केलं. स्टिकरवरचा नंबर अजून वाचता येतो. त्याचा लगेच फोटो काढून ठेवला, पुढे तो कामाला आला.

रविवार, ५ ऑक्टोबर

पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. तिथे बुधवारी आणि रविवारी असं सामान हमखास मिळतं. आयडीई डिस्क यूएसबीला जोडायचा अडॅप्टर आणि त्याचा पॉवर सप्लाय मिळून ६०० रुपये. डिस्कवरचा जंपर ‘मास्टर’वर ठेवल्यावरच ती दिसली, ‘स्लेव्ह’वर अडॅप्टरला कळत नव्हती.

डिस्क दिसली म्हणून फाइली कॉपी करत बसू नका. म्हातारी डिस्क कधी मान टाकेल ते सांगता येत नाही. लिनक्सच्या मशीनवर डीडीरेस्क्यू (खराब डिस्क वाचणारा प्रोग्रॅम) लावून आधी संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढली. रात्रभर चाललं. थोडे सेक्टर वाचले गेले नाहीत, पण आमच्या कामाच्या फोल्डरला धक्का नाही. सॉफ्टवेअरच्या सीडीचीही इमेज काढून घेतली. हे कायद्यात बसतं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(एए) नुसार ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे आहे, त्याला नुकसानीपासून संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करता येते.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

गुरुवारी भोसरीत औद्योगिक सुट्टी असते. शॉपमध्ये मशीनचा आवाज नाही, विचारायला कुणी येत नाही, असली कामं गुरुवारीच होतात. मात्र महावितरणचं देखभालीचं कामही बहुधा त्याच दिवशी निघतं, तेव्हा यूपीएस भरलेला हवा.

ऑफिसच्या विंडोज १० पीसीवर सीडी घातली. सेटअपच सुरू झाला नाही. कारण साधं आहे. प्रोग्रॅम ३२ बिटचा असला तरी त्या काळातल्या कित्येक सीड्यांवरचा इन्स्टॉलर १६ बिटचा असायचा, आणि ६४ बिट विंडोज १६ बिटचं काहीच चालवत नाही. ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ लावून इथे काहीही होत नाही, त्यात वेळ घालवू नका. शिवाय याच महिन्याच्या १४ तारखेला विंडोज १० चा सपोर्टही संपतो आहे, त्यामुळे त्यावर नवीन काही उभं करायची इच्छाही नव्हती.

त्याच पीसीवर डोंगल दिसतो का, तेवढं बघायचं होतं. यूएसबी ते पॅरलल केबल आणली, ४५० रुपये. हे पैसे वाया गेले. ही केबल फक्त प्रिंटरसाठी असते. ती विंडोजला ‘मी प्रिंटर आहे’ एवढंच सांगते, आत खरा पोर्ट नसतो. डोंगलचा ड्रायव्हर थेट पोर्टच्या पत्त्यावर जाऊन पिना वर-खाली करतो, त्याला इथे धरायलाच काही नाही. दुकानदार ‘चालेल’ म्हणाला तरी घेऊ नका.

शनिवार, ११ ऑक्टोबर

बुधवार पेठेतून पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड आणलं, १,१०० रुपये. हा खरा पोर्ट आहे, पण त्याचा पत्ता वेगळा. मदरबोर्डवरचा जुना एलपीटी१ (पहिला पॅरलल) पोर्ट ३७८ या पत्त्यावर असतो, इतर दोन पारंपरिक पत्ते २७८ आणि ३बीसी. कार्डाला विंडोज मोकळा असेल तो वरचा पत्ता देऊन टाकते. आमचं सॉफ्टवेअर त्या तीन दारांपलीकडे कुठे शोधतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून पत्ता बदलायला गेले तर पर्यायच करडा.

याच पीसीवर व्हर्च्युअल मशीन (पीसीच्या आत सॉफ्टवेअरनं बनवलेला दुसरा पीसी) करून त्यात विंडोज एक्सपी टाकून पाहिलं, पॅरलल पोर्ट आतपर्यंत नेला. गंमत म्हणजे डोंगल दिसला. पण प्रोग्रॅम अधूनमधून डोंगलला विचारत राहतो, आणि मध्ये दोन थर आल्यामुळे उत्तर कधी वेळेवर जातं, कधी नाही. अर्ध्या ड्रॉइंगमध्ये ‘डोंगल सापडत नाही’ येऊन सगळं बंद. ज्यांचा डोंगल यूएसबीचा आहे त्यांनी व्हर्च्युअल मशीनचा मार्ग जरूर बघावा, तो बराच निर्धोक आहे. पॅरललसाठी त्यावर भरवसा ठेवू नका.

संध्याकाळी शेजारच्या गाळ्यातला एक मुलगा म्हणाला, “ताई, कशाला एवढा त्रास? डोंगलचा एम्युलेटर मिळतो, पेन ड्राइव्हवर आणून देतो.” एम्युलेटर म्हणजे डोंगलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. काकांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं. आमच्याकडे बिल आहे, डोंगल आहे, परवाना आहे, मग चोराच्या वाटेनं का जायचं? कॉपीराइट कायदाही स्पष्ट आहे. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर कलम ६३बी मध्ये किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हक्कभंगाच्या हेतूनं संरक्षणाची यंत्रणा मोडणं २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ६५ए खाली येतं. आपला हेतू शुद्ध होता हे नंतर सिद्ध करत बसायचं, आणि कुणी बनवली ते माहीत नसलेली फाइल गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं असलेल्या मशीनवर चालवायची! काकांना पटलं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आठवडाभर शोधून अखेर हवा तसा डबा मिळाला. एका कंपनीनं काढून टाकलेला मोठ्या ब्रँडचा कोअर टू ड्युओ डेस्कटॉप, मागे बोर्डावरचेच सिरियल आणि पॅरलल पोर्ट, २ जीबी रॅम. ५,५०० रुपये. घेताना दोनच गोष्टी बघितल्या. पोर्ट बोर्डाचे आहेत ना, आणि बाजूला विंडोज ७ प्रोफेशनलचं स्टिकर शाबूत आहे ना.

स्टिकर का? जुन्या पीसीवरची एक्सपी त्या पीसीबरोबर आली होती, म्हणजे ती त्याच्याबरोबरच संपली. ओईएम (पीसीबरोबर येणारा) परवाना दुसऱ्या डब्यावर नेता येत नाही. पण विंडोज ७ प्रोफेशनलच्या ओईएम परवान्यात एक्सपी प्रोफेशनलपर्यंत खाली उतरायचा हक्क आहे. होम आवृत्तीत तो नाही. एक्सपीची सीडी त्याच ब्रँडची मिळाली तर आणखी बरं, ती बायॉसमधली (पीसी सुरू होताना चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममधली) ब्रँडची खूण तपासते आणि अ‍ॅक्टिव्हेशन मागतच नाही. विकणाऱ्याकडे अशा सीड्यांचा गठ्ठाच होता, त्यानं एक बरोबर दिली.

एक्सपी टाकताना निळी स्क्रीन आली, स्टॉप ७बी. एक्सपीच्या सीडीवर एएचसीआयचा (साटा डिस्कच्या नव्या मोडचा) ड्रायव्हर नाही, त्यामुळे तिला डिस्क दिसत नाही. बायॉसमध्ये साटा मोड बदलून जुना आयडीईसारखा मोड दिला आणि पुढे सुरळीत चाललं.

या डब्याला नेटवर्क केबल लावायची नाही. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. लॅन पोर्ट बायॉसमधूनच बंद केला, ऑटोरन बंद केलं, आणि फाइली ने-आण करायला एकच पेन ड्राइव्ह ठेवला, जो आधी ऑफिसच्या पीसीवर तपासला जातो.

सोमवार, २७ ऑक्टोबर

दिवाळीनंतर पुन्हा हातात घेतलं. सॉफ्टवेअर एका झटक्यात इन्स्टॉल झालं. डोंगल लावला, प्रोग्रॅम उघडला: ‘डोंगल सापडत नाही’.

इथे दोन दोष एकमेकांत गुंतले होते. बायॉसमध्ये पॅरलल पोर्ट ईसीपी (वेगवान) मोडमध्ये होता, तो साध्या द्विदिश मोडवर आणला. तरीही नाही. मग सीडीवरचा डोंगलचा ड्रायव्हर काढून टाकला, रीस्टार्ट केला आणि त्याच डोंगलचा नंतरच्या काळातला, पण एक्सपीला चालणारा ड्रायव्हर टाकला. तेव्हा दिसला. नुसता मोड बदलून किंवा नुसता ड्रायव्हर बदलून झालं नसतं, हे नंतर उलटसुलट करून तपासलं.

हा ड्रायव्हर शोधायला वेळ लागतो, कारण मालक बदलत गेले. आमचा डोंगल सेंटिनेल. तो बनवणारी रेनबो २००४ मध्ये सेफनेटमध्ये गेली, सेफनेटला २०१५ मध्ये जेमाल्टोनं घेतलं आणि २०१९ पासून सगळं थेल्सकडे आहे. हास्प डोंगलवाल्यांनीही तिथेच शोधायचं, कारण हास्प बनवणारी अलादिनही सेफनेटमध्येच गेली होती. डोंगलवर छापलेल्या नावानं शोधत राहिलात तर भलत्याच साइटवरचे संशयास्पद ड्रायव्हर हाती लागतात.

डोंगल सापडला आणि प्रोग्रॅमनं पुढचा प्रश्न विचारला: ऑथरायझेशन कोड.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

या कोडनं सगळ्यांत जास्त दमवलं. डोंगल म्हणजे कुलूप आहे, पण त्यात कुठले भाग उघडे ठेवायचे (दोन अक्ष, चार अक्ष, टेपर म्हणजे तिरका काप) हे कोड ठरवतो, आणि प्रत्येक डोंगलचा कोड वेगळा. २००४ मध्ये तो फॅक्सनं आला होता.

काकांच्या कपाटातली फाइल काढली. बिल व्यवस्थित आहे, त्यावर सेल्स टॅक्सचा नंबर, कारण महाराष्ट्रात व्हॅट आला तोच १ एप्रिल २००५ ला. बिलामागे फॅक्सचा कागद. फॅक्स थर्मल कागदावरचा. कडा काळसर, मधला मजकूर उडालेला. खिडकीत तिरका धरला तेव्हा वरचा डोंगल नंबर दिसला, तो स्टिकरच्या फोटोशी जुळला. कोडाची मात्र पहिली चार आणि शेवटची दोन अक्षरंच लागली. त्यातलंही एक ८ आहे की बी, ते सांगता येईना.

विक्रेत्याला मेल केला होता, बिलाची प्रत आणि डोंगल नंबर जोडून. उत्तर आलं की या आवृत्तीचे कोड आता देत नाहीत, नव्या आवृत्तीचं कोटेशन सोबत. बोलणारी व्यक्ती सभ्य होती, पण तिच्या हातात काही नव्हतं.

मग जुन्या डिस्कच्या इमेजकडे वळले. इन्स्टॉल करणाऱ्या माणसानं तेव्हा कोड कुठे तरी टाइप केला असणारच. संपूर्ण इमेजमध्ये डोंगल नंबराचा शोध लावला. प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल निघाली, तारीख २००४ ची, त्यात नंबर आणि त्याखाली पूर्ण कोड. सुरुवातीची चार आणि शेवटची दोन अक्षरं फॅक्सशी जुळली. ते अक्षर बी होतं.

कोड टाकला. चारही अक्ष उघडले. काका काहीच बोलले नाहीत, उठून चहा सांगून आले.

बिल, फॅक्स, डोंगल, डिस्कमधली फाइल: चारही ठिकाणी एकच नंबर. परवाना आपला आहे हे उद्या कुणी विचारलं तर एवढी साखळी दाखवता येते. थर्मल कागदावर आलेलं काहीही असेल तर आजच झेरॉक्स काढा.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

प्रोग्रॅम चालतो म्हणजे काम झालं असं नाही. एक जुनी, मशीनवर सिद्ध झालेली डायची फाइल उघडली, पुन्हा पोस्ट केली, म्हणजे तिचा जी-कोड (मशीनला कळणारा प्रोग्रॅम) काढला, आणि २०१९ मध्ये त्याच फाइलवरून काढलेल्या जी-कोडशी एफसी या फाइली ताडणाऱ्या कमांडनं ताडून पाहिला. तारखेची ओळ वगळता बाकी तंतोतंत जुळायला हवं होतं. जवळजवळ प्रत्येक ओळ वेगळी.

नीट बघितल्यावर कळलं. नव्या फाइलमध्ये टेपर यू-व्ही अक्षांच्या आकड्यांनी येत होता. आमच्या मशीनचा कंट्रोल तो जी५१, जी५२ आणि पुढे कोन अशा रूपात घेतो. सीडीवरून आलेला पोस्टप्रोसेसर (जी-कोड कसा काढायचा ते ठरवणारी फाइल) सर्वसाधारण होता, आमचा पोस्ट त्या वेळी कुणीतरी हातानं बदललेला. तो ना सीडीवर, ना बॅकअपमध्ये, फक्त मेलेल्या पीसीच्या डिस्कवर. इमेजमधून ती एक फाइल काढून जागेवर ठेवली. पुन्हा पोस्ट, पुन्हा एफसी. फरक फक्त तारखेच्या ओळीचा.

हे न तपासता मशीनवर गेलो असतो तर डायचा अर्धा अंश क्लिअरन्स भलत्या बाजूला पडला असता आणि हार्डन केलेला डी२ पोलादाचा ब्लॉक भंगारात गेला असता. इन्स्टॉल झाल्यावर हाच तपास सगळ्यात आधी करा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

प्रोग्रॅम मशीनला पाठवणं. आरएस-२३२ (सिरियल पोर्टची) केबल जुनीच, एक्सपीतला हायपरटर्मिनल, ४८०० बॉड, सात बिट, ईव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट. लहान प्रोग्रॅम गेला. मोठा पाठवला की मध्येच अलार्म ८७, बफर ओव्हरफ्लो.

केबलवर संशय घेऊन सोल्डरिंग तपासण्यात सकाळ गेली. केबल ठीक होती. आमच्या मशीनचा फॅनक कंट्रोल भरत आला की ‘थांब’ असा सिग्नल पाठवतो आणि त्यानंतर दहाच अक्षरं झेलतो. पीसीच्या सिरियल पोर्टमध्ये मात्र सोळा अक्षरांचा बफर असतो आणि तो भरलेला असला तर थांब म्हटल्यावरही रिकामा होत राहतो. डिव्हाइस मॅनेजर, कॉम१, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे ट्रान्समिट बफरचा काटा सगळ्यात खाली आणला. फ्लो कंट्रोल एक्सऑन-एक्सऑफ आहे ना तेही पाहिलं. त्यानंतर मोठे प्रोग्रॅमही अखंड गेले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पहिला खरा जॉब. ऑपरेटर मामांनी आधी भंगारातल्या पट्टीवर वायर फिरवली, ०.२५ मिमीची पितळी वायर, चौकोन आणि एक कोपरा टेपरसह. माप बरोबर आलं. मग डाय लावली.

नवीन गिऱ्हाइकांच्या ड्रॉइंगसाठी एक गोष्ट इथे लिहून ठेवते. आमचं कॅम फक्त आर१२ डीएक्सएफ (ड्रॉइंगच्या फाइलचा एक जुना प्रकार) वाचतं. आर१२ मध्ये स्प्लाइन (मुक्त वक्र) आणि इलिप्स (लंबवर्तुळ) हे प्रकारच नाहीत, त्यामुळे नव्या फाइलमधल्या अशा रेषा तुकड्यातुकड्यांच्या पॉलिलाइन होऊन येतात, आणि वायरकटवर ते तुकडे पृष्ठभागावर दिसतात. म्हणून लिब्रेकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून जिथे शक्य तिथे त्या वक्रांच्या जागी आर्क (वर्तुळाचे कंस) टाकायचे आणि मगच आर१२ मध्ये सेव्ह करायचं. जास्तीचं काम आहे, पण आपल्या हातातलं आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर

एक काम जमलं नाही, तेही नोंदवते. मेलेल्या पीसीवर एक जुनं थ्रीडी कॅडही होतं. त्याला डोंगल नाही, फ्लेक्सएलएम या परवाना तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची परवाना फाइल आहे, आणि ती फाइल बोर्डावरच्या लॅन पोर्टच्या मॅक पत्त्याला (त्या पोर्टच्या स्वतःच्या नंबराला) बांधलेली. बोर्ड गेला, पत्ता गेला. नव्या पत्त्याची फाइल मेंटेनन्स चालू असेल तरच मिळते, असं उत्तर आलं. मॅक पत्ता खोटा दाखवता येतो हे मलाही माहीत आहे, पण एम्युलेटरला जे कारण देऊन नको म्हटलं तेच इथेही लागू आहे. ते कॅड सोडून दिलं, मॉडेलं स्टेप फॉरमॅटमध्ये (बहुतेक कॅडना उघडता येतो अशा) आधीच काढलेली होती, ती फ्रीकॅडमध्ये उघडतात. ज्यांच्याकडे असा परवाना अजून जिवंत आहे त्यांनी विक्रेत्याकडे मागणी करून तो वेगळ्या लॅन कार्डाला बांधून घ्यावा. बोर्ड बदलला तरी कार्ड उचलून लावता येतं.

एकूण खर्च साडेसात हजारांच्या आसपास, त्यातले दीड हजार केबल आणि कार्डात वाया. वायरकट महिनाभर बाहेरून करून घ्यावं लागलं, त्याचं बिल याच्या कितीतरी पट आहे.

आज नव्या डब्याच्या डिस्कची इमेज काढून दोन ठिकाणी ठेवली. बिल, फॅक्स, कोड आणि डोंगलचा फोटो यांची प्रत एका पाकिटात काकांच्या कपाटात, दुसरी माझ्या घरी. विमा एजंटला बोलावून डोंगल शॉपच्या पॉलिसीत वेगळा लिहून घेतला, प्लास्टिकच्या डब्याच्या किमतीला नव्हे, सॉफ्टवेअर नव्यानं घ्यायला लागेल त्या किमतीला. एजंटाला हे समजवायला बराच वेळ लागला. मोडका डोंगल परत देऊन बदलून मिळण्याची शक्यता तरी असते, हरवलेल्याला बहुतेक विक्रेते नवीन परवान्याचे पैसे मागतात, आणि आमच्या आवृत्तीचा तर नवीन परवानाच नाही.

तसाच दुसरा डबा बघायला सांगितलं आहे, त्याचं स्वतःचं विंडोज ७ प्रोफेशनलचं स्टिकर असलेला. मिळाला की डिसेंबरातल्या एखाद्या गुरुवारी त्यावर इमेज उतरवायची आणि डोंगल हलवून बघायचा.